जुन्या शेगडीचे सुटे भाग

ज्योत पिवळी पडली, पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली, की नवी शेगडी घ्यायचा विचार सुरू होतो. पुष्कळदा नुसता बर्नर किंवा जेट बदलून काम भागतं.

बर्नर पितळी घ्यावा आणि जुना सोबत नेऊन माप जुळवावं. तो सैल बसला, तर कडेनं ज्योत निसटते. खरी काळजी घ्यायची ती जेटची. किती गॅस सुटणार, हे त्याच्या छिद्रावर ठरतं. सिलिंडरच्या गॅसला बारीक छिद्र लागतं, पाइपच्या गॅसला त्याहून मोठं. पाइपच्या गॅसचं जेट सिलिंडरच्या शेगडीत बसवलं, तर गॅस जास्त सुटून ज्योत भडकते. ही अदलाबदल धोक्याची आहे. म्हणून जेट मागताना घरी कोणता गॅस आहे, ते आधी सांगा. आणि तुंबलेलं जेट जाड सुईनं कोरू नका. छिद्र कायमचं मोठं होतं.

नळीत मात्र काटकसर नकोच! आत तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची केशरी सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरपर्यंत, मध्ये जोड नको, आणि 5 वर्षांनी नवी.

दुरुस्तीनंतर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवा.