आकड्यांचे कुलूप

कुलूप म्हटले की किल्ली आलीच. पण काही तिजोऱ्यांच्या कुलपांना किल्लीच नसते. दारावर एक तबकडी आणि तिच्यावर ० ते ९९ आकडे. ठरलेले तीन आकडे ठरलेल्या क्रमाने लावले, की दार उघडते. कल्पना जुनी आहे. अल्-जझारी या कारागिराने १२०६ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात चार तबकड्यांच्या कुलपाचे वर्णन आहे. अशी जुनी कुलपे आणून उकलत बसण्याचा काहींना छंद असतो. यात चोरी नाही बरे का! कुलूप स्वतःचे, नाहीतर धन्याने आपण होऊन हाती दिलेले, हा या छंदाचा पहिला नियम.

आत असते तरी काय? एकामागे एक बसवलेल्या तीन चकत्या. प्रत्येकीच्या कडेला एक खाच. तबकडी फिरली की तिची खुंटी पहिल्या चकतीला ढकलते, पहिली दुसरीला आणि दुसरी तिसरीला. म्हणून आधी एका दिशेने काही फेरे द्यायचे, मग उलट फिरायचे. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या, की वरची दांडी त्यांत पडते आणि कुलूप सुटते. एक खाच जरी बाजूला राहिली, तरी दांडी अडते. शिक्षकमित्रांनी पुठ्ठ्याच्या तीन चकत्या आणि एक काडी घेऊन हे वर्गात जरूर दाखवावे.

आता थोडे गणित करू. शंभर आकडे, तीन जागा. म्हणजे दहा लाख जोडण्या. एकीला दहा सेकंद धरले, तर रात्रंदिवस बसूनही जवळजवळ ११६ दिवस लागतील! पण रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने हे गणित पार उलटवले. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेत लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर होता, आणि तिथल्या कपाटांची कुलपे अभ्यासणे हा त्याचा विरंगुळा. त्याला आढळले, की आकडा दोन घरे इकडेतिकडे झाला तरी कुलूप चालवून घेते. म्हणजे शंभरांऐवजी वीसच आकडे पुरेत, आणि जोडण्या उरल्या आठ हजार. पुढे त्याला असेही दिसले, की कपाट उघडे असताना तबकडीशी चाळा केला, तर शेवटचे दोन आकडे कळतात. मग उरले फक्त वीस प्रयत्न, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे!

त्याने ही उणीव एका कर्नलला करून दाखवली. कपाटे उघडी टाकू नका, असा हुकूम निघेल ही त्याची अपेक्षा. झाले भलतेच. फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेला असेल, त्यांनी आपले आकडे बदलावेत, असे पत्रक निघाले! ही हकिकत त्याने १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितली आहे. कित्येक कुलपांवर कारखान्यातून आलेलेच आकडे तसेच राहिले होते, हेही त्यात आहे. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, तो असा.

वर्गात एखादा मुलगा घड्याळ उघडून बसतो, कुलपात तार घालून पाहतो. आपण लगेच त्याचा कान धरतो. कुलूप कोणाचे आहे, एवढे त्याला आधी विचारावे. ते त्याचे असेल, तर कान सोडावा आणि आत काय दिसले ते त्याच्याकडूनच ऐकावे. घरातली कच्ची कडी दाखवणारा माणूस चोर नव्हे. तो शहाणा शेजारी असतो.