दम्याचे ज्ञान कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकविले आणि त्यातील बराच काळ दमाही बाळगला. धाप लागली की खिशातला निळा पंप ओढायचा, बरे वाटले की विसरून जायचे. हा पंप आकसलेल्या श्वासनलिका तात्पुरत्या सैल करतो. आतली सूज तशीच राहते. ती कमी करणारा पंप निराळा, आणि तो बरे वाटत असतानाही घ्यावा लागतो, हे मला निवृत्तीनंतर कळले. प्राध्यापकाची ही गत, तर पिठाच्या गिरणीत राबणाऱ्याची काय असेल?

२०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतातले. रोग तोच, पण मरणाची वाटणी विषम आहे. त्याच वर्षापासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते की, कोणाही प्रौढ रुग्णाला केवळ निळ्या पंपावर ठेवू नये.

मग रुग्णाला शिकवायचे कसे? नुसती माहिती सांगून रुग्णालयाच्या खेपा कमी होत नाहीत, असे कॉक्रेन संस्थेच्या २००२ सालच्या आढाव्यात दिसले. परंतु रुग्णाने स्वतःची लक्षणे टिपणे, डॉक्टरांनी नियमित तपासणे आणि हाती लेखी योजना असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या की रुग्णालयातील भरती आणि कामाचे खाडे घटतात, हा ३६ प्रयोगांवर आधारलेला २००३ सालचा निष्कर्ष होय. रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, निळा पंप वारंवार लागू लागला, तर कोणते औषध किती वाढवायचे आणि कोणत्या क्षणी दवाखाना गाठायचा, हे त्या कागदावर लिहिलेले असते. रुग्णालयातील एक दिवस रुग्णाची आणि सोबत्याची अशा दोन मजुऱ्या बुडवितो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कागदाचे मोल कळते.

तथापि एक सावधगिरी हवी. 'आपली काळजी आपणच घ्या' असे सांगून शासनाला व मालकाला अंग काढून घेता येणार नाही. सूज कमी करणारा पंपच मिळत नसेल तर योजना म्हणजे कोरा कागद. गिरणीतील धूळ कामगाराच्या शिस्तीने बसत नाही.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पंप अखंड मिळावेत, धुळीचा बंदोबस्त मालकाने करावा. आणि प्रत्येक रुग्णाला मराठीत लेखी योजना मिळावी, वाचता न येणाऱ्यास हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत. ज्ञान रुग्णाच्या हाती द्यावे. जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये.