पुसण्याआधी यादी पाहा

लिनक्समध्ये 'आरएम' ही आज्ञा दिली, की फाइल कचरापेटीत जात नाही… थेट पुसली जाते. सगळ्या टेक्स्ट फाइली पुसायला दिलेल्या नमुन्यात तारांकन आणि 'डॉट टीएक्सटी' यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा पडली, तर त्या फोल्डरमधल्या दिसणाऱ्या सगळ्याच फाइली जातात. म्हणून पुसण्याआधी यादी पाहा. तोच नमुना आधी यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला द्या… नावं वाचा… मगच पुसा.

कुणी म्हणेल, 'आरएम'ला छोटा 'आय' पर्याय जोडला, की तो प्रत्येक फाइलबद्दल विचारतोच की! विचारतो खरा. पण वारंवार विचारलं, की बोट न वाचताच 'वाय' दाबू लागतं. मोठा 'आय' बरा. तीनपेक्षा जास्त फाइली असल्या, तर तो एकदाच विचारतो. तरीही पुसण्याआधी यादी पाहा… आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर ठेवा.