टाळी न मिळणारा ब्रेक

जुनी वाहनं जपणाऱ्यांच्या मेळाव्यात दुसऱ्या महायुद्धातला एखादा लष्करी ट्रक गुरगुरत सुरू झाला, की लोक टाळ्या वाजवतात. इंजिनाचं कौतुक होतं, हिरव्या रंगाचं होतं, दारावरच्या पांढऱ्या चांदणीचंही होतं. तोच ट्रक फेरी मारून ठरल्या जागी अलगद थांबला, तर त्याची दखल कुणी घेत नाही. आज मी त्या थांबण्याबद्दल, म्हणजे ब्रेकबद्दल बोलणार आहे.

उदाहरण अमेरिकेच्या जीएमसी कंपनीच्या 'सीसीकेडब्ल्यू' या अडीच टनी ट्रकचं घेऊ. युद्धकाळात असे ५ लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. १९४४ साली फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणाऱ्या 'रेड बॉल एक्सप्रेस'चा भार त्यांनी वाहिला. त्यांच्या चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते. आपल्याकडेही आसामातल्या लेडोहून १२ जानेवारी १९४५ रोजी लष्करी ट्रकांचा पहिला ताफा निघाला आणि डोंगर ओलांडून ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. अशा उतारावर चालकाचा जीव पायाखालच्या पेडलवरच असणार.

या ट्रकचा रिकामा असतानाचाच भार सुमारे ४ टन. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब नेतं; तिथले छोटे सिलिंडर ब्रेक-शू फाकवतात आणि ते ड्रमला घासतात. पायाच्या जोराला 'हायड्रोव्हॅक' नावाचा डबा इंजिनाच्या निर्वाताची जोड देतो. इंजिन बंद पडलं की थोड्याच वेळात ही मदत संपते आणि पेडल दगडासारखं जड होतं. त्यातून सगळ्या चाकांना मास्टर सिलिंडर एकच. आजच्या मोटारींत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा असतात. इथे एक नळी फुटली की सगळीच चाकं मोकळी. मग हाती उरतो फक्त हँडब्रेक.

गंमत अशी, की हे ब्रेक चालण्याने झिजतात, पण नासतात ते उभं राहण्याने. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात, त्यांना खड्डे पडतात आणि रबरी वॉशर गळू लागतात. लांब उतारावर ऑइल तापलं, की त्याच पाण्याची वाफ होते आणि पेडल भुसभुशीत लागतं. रबरी होज पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असतो. मग पाय काढला तरी चाक सुटत नाही.

म्हणून जाणता माणूस ट्रक सुरू करण्याआधी ब्रेक खोलतो. लायनिंगची धूळ तो फुंकत नाही, की हवेच्या दाबाने उडवत नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात जातं. धूळ ओल्या फडक्यानेच टिपायची. सिलिंडरचे हलके डाग घासून जातात. खोल खड्डे असतील तर आत नवी धातूची बाही बसवावी लागते. रबरी भाग पेट्रोलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. होज पाइप मात्र सगळेच नवे घ्यायचे, तिथे काटकसर नको. शेवटी नवं ऑइल भरून एकेका चाकाची हवा काढायची. काही जण पाणी न शोषणारं सिलिकॉनचं ऑइल वापरतात, पण ते जुन्या ऑइलमध्ये मिसळून चालत नाही. आधी सगळी व्यवस्था स्वच्छ करावी लागते.

एवढं करून काम संपत नाही. ट्रक वर्षभरात दोनदाच बाहेर निघत असला, तरी नेहमीचं ऑइल दर एक-दोन वर्षांनी बदलावंच लागतं. 'चालवलाच नाही, मग बदलायचं कशाला?' हा प्रश्न इथे उलटा पडतो.

संग्रहालयात उभ्या ट्रकची गोष्ट वेगळी. पण रस्त्यावर आणायचा, तर समोर शाळेतून सुटलेली मुलं असतात, सायकलवाले असतात. इंजिन बिघडलं तर ट्रक स्वतःच्या घरी राहतो. ब्रेक बिघडला तर तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. तेव्हा निघण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल दाबावं आणि मिनिटभर दाबून धरावं. ते हळूहळू खाली जात असेल, तर मिरवणूक कितीही मोठी असो, ट्रक त्या दिवशी बाहेर काढू नये.