काविळीचा माग



पवनारला धाम नदीच्या काठी दरवर्षी फेब्रुवारीत मेळा भरतो. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी या नदीत विसर्जित झाल्या, त्याची ती आठवण. गावोगावची माणसे येतात, एका ठिकाणचे पाणी पितात आणि पांगतात. आता नुसते समजण्यासाठी म्हणून धरून चला – पवनारला असे घडले असे मी मुळीच म्हणत नाही – की अशाच कुठल्याशा मेळ्यात पाण्याच्या टाकीत मैलापाणी शिरले. महिन्याभराने हिंगणघाटला एकाचे डोळे पिवळे होतात, आर्वीला दुसऱ्याचे, सेलूला एका शाळकरी पोराचे. प्रत्येक गाव आपल्याच विहिरीवर संशय घेणार. या तिघांना जोडणारा धागा कुणाला दिसावा?

हेपटायटिस ए या काविळीची अडचण नेमकी हीच आहे. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात; बहुधा चार आठवडे. तोवर टाकी धुऊन झालेली असते. शिवाय डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एकदोन आठवड्यांतच रोगी शौचावाटे सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकीत असतो. म्हणजे रोग कळतो तो उशिराच.

मग माग काढायचा कसा? आपल्या जुन्या पोथ्या आठवा. लहिया नक्कल करताना एखादे अक्षर चुके. त्या नकलेवरून पुढची नक्कल झाली की ती चूकही तशीच उतरे, आणि तिच्यात एखादी नवी भर पडे. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे असाच पाठभेदांचा गुंता होता. दोन पोथ्यांत त्याच त्या चुका आढळल्या की जाणकार म्हणतो, या एकाच मूळ प्रतीच्या. हा विषाणूदेखील एक चिमुकली पोथीच आहे, बरं का! तिच्यात चारच प्रकारची अक्षरे, एकंदर सुमारे साडेसात हजार. यकृतात तिच्या नकलांवर नकला निघतात आणि मधूनच एखादे अक्षर चुकते. हिंगणघाटच्या आणि आर्वीच्या रोग्यांकडील अक्षरे तंतोतंत जुळली, तर दोघांचा उगम एक असावा असा दाट संशय घेता येतो. 'संशय' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कोण कुठे जेवला, कुठले पाणी प्याला, हे विचारल्याशिवाय नुसत्या अक्षरांवरून निवाडा होत नाही.

माणसांत या विषाणूचे तीन वंश आढळतात आणि प्रत्येकाचे 'अ' व 'ब' असे पोटभेद. आपल्या देशात तिसऱ्या वंशाचा 'अ' हाच फार. 2005 साली केरळात कोट्टायमला मोठी साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला, तेव्हा हाच पोटभेद सापडला. म्हणून आपल्याकडे नुसता वंश कळून भागत नाही. दोघे मराठी बोलतात एवढ्यावरून ते एकाच गावचे ठरतात का? बोलीतले बारकावे ऐकावे लागतात, तशी इथे अक्षरे एकेक करून ताडावी लागतात. अमेरिकेचे काम 2013 मध्ये त्या मानाने सोपे झाले. दहा राज्यांत मिळून 165 माणसे आजारी पडली. विषाणू निघाला पहिल्या वंशाचा 'ब', जो त्या खंडात क्वचितच दिसतो. शोध थेट तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांपाशी पोचला!

तुम्ही म्हणाल, लहानपणी ही कावीळ होऊन जातेच, मग एवढा खटाटोप कशाला? खरे आहे, लहान मुलांत ती बहुधा कळतही नाही. पण पाणी स्वच्छ होऊ लागले की लहानपणी ती होत नाही, आणि मग वीस-तीस वर्षांच्या कमावत्या माणसाला गाठते तेव्हा जोराने गाठते. केरळात हेच दिसले आहे.

आणि प्रत्येक कावीळ 'ए' नसते. 1955-56 मध्ये दिल्लीला सुमारे 29 हजार माणसांना कावीळ झाली. त्या वेळच्या राखून ठेवलेल्या रक्ताची पंचवीसएक वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा कळले की ती ए नव्हती, बीही नव्हती. आज आपण तिला ई म्हणतो, आणि गरोदर बाईला ती प्राणघातक ठरू शकते. ते रक्त फेकून दिले असते, तर?

म्हणूनच कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन गळ्यात माळ घालून घेणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. ए कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, श्रेय माळेला मिळते. मात्र आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्यावे. घरात गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नये.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात एका महिन्यात दोन मुलांना कावीळ झाली, की वही काढा. नाव, डोळे पिवळे झाल्याची तारीख, आणि त्याआधीच्या पन्नास दिवसांत मूल कुठल्या लग्नाला, जत्रेला, पाहुण्यांकडे गेले, कुठले पाणी प्याले, बर्फाचा गोळा कुठे खाल्ला, एवढे मुलाला आणि आईला विचारून लिहा. ती वही आरोग्यसेविकेकडे द्या. पुण्याच्या प्रयोगशाळेत अक्षरे जुळली, तरी ती टाकी कुठल्या गावची हे तिथे कुणाला ठाऊक नसते. ते तुमच्या वहीत असते.