साथ येण्यापूर्वीं

मुंबईच्या मांडवी भागांत सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत एक विलक्षण ताप पसरूं लागला. रोगी तापानें फणफणे, जांघेंत किंवा काखेंत गांठ येई, आणि थोड्याच दिवसांत बहुतेकांचा शेवट होई. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा गांठीचा ताप, म्हणजेच प्लेग होय, असें निदान केलें. वखारींतून उंदीर मरून पडत होते. पण त्या मरणाचा अर्थ लावणारी यंत्रणा शहरांत नव्हती. उंदरावरील पिसवेच्या द्वारें हा रोग पसरतो, हें पोल-लुई सिमाँ यांनीं कराचीस प्रयोग करून दाखविलें तें सन १८९८ मध्यें. तोंपर्यंत सरकार व प्रजा, दोघेंही अंधारांत चांचपडत होतीं.

अशा वेळीं अधिकाऱ्यांच्या हातीं मुख्य साधन होतें तें सक्तीचें. रोग्यास घरांतून उचलून रुग्णालयांत नेण्याचे हुकूम सुटले. लोकांस रुग्णालय म्हणजे मृत्यूचें दार वाटे. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडवरील रुग्णालयावर चाल केली. पुढें लक्षावधि लोक शहर सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गांवोगांव गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. चारच कलमांचा हा कायदा. त्यानें सरकारास वाटेल ते निर्बंध घालण्याचा अधिकार दिला, ते मोडणारास शिक्षा सांगितली, आणि अंमल करणाऱ्यांस संरक्षण दिलें. रोग्याची शुश्रूषा कोणीं करावी, ज्याचें घर रिकामें केलें त्याच्या पोटाची सोय कोणीं पाहावी, याविषयीं त्यांत अक्षर नव्हतें.

पुण्यास प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून रँड साहेब आले. गोरे शिपाई घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले. त्याचा परिणाम असा झाला कीं, लोक रोग्यांस लपवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांजवर गोळी झाडली गेली, आणि पुढें त्यांचा अंत झाला. चापेकर बंधु फांसावर गेले. त्या प्रकरणाचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु आरोग्याच्या दृष्टीनें त्यांतून निघणारा बोध तितकासा सांगितला जात नाहीं. ज्या घरास शिपायाचें भय वाटतें, तें घर आजाराची खबर देत नाहीं. आणि खबर नाहीं तेथें रोगाला मोकळें रान मिळतें.

त्याच पुण्यांत त्याच वर्षीं दुसरेंही एक चित्र दिसलें. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं शहराबाहेर रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंस तोच रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेविला. मुंबईंत वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या शरीरांत टोचून घेतली. हुकमापेक्षां अशा आचरणानें लोकांचा धीर अधिक वाढतो.

यानंतर एकवीस वर्षांनीं, सन १९१८ मध्यें, इन्फ्लुएंझाची साथ आली. महायुद्धामुळें पुष्कळ डॉक्टर परदेशीं गुंतलेले. त्यांतच पावसानें दगा दिलेला. हिंदुस्थानांत त्या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, असा अंदाज आहे. त्या वेळीं शहरांतून अनेक स्वयंसेवक मंडळ्यांनीं दूध, औषध व पांघरुणें घरोघर पोंचविलीं. पण खेड्यापाड्यांतून बहुधा कोणीच पोंचलें नाहीं. सन १९४६ मध्यें भोर समितीनें आपला अहवाल सादर केला. पहिल्या टप्प्यांत दर चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, अशी तिची शिफारस होती. या शिफारशीमागील विचार साधा आहे. जो वैद्य सुखाच्या दिवसांत ओळखीचा झाला, त्याचेंच म्हणणें संकटाच्या दिवसांत ऐकलें जातें.

हा विचार विसरला म्हणजे काय होतें, तें सन १९९४ नें दाखविलें. हिंदुस्थानांत सन १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. शत्रु गेला असें समजून पहाऱ्यावरची माणसें हळूहळू कमी झालीं. सन १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला. लोक घरें सोडून बाहेर राहूं लागले, धान्य घरांतच राहिलें, आणि उंदीर माजले. पुढल्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं आधीं उंदीर मरूं लागले, मग माणसांस गांठी आल्या. पाठोपाठ सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. मृत्यु साठांच्या आंतच होते. पण भीतीनें लक्षावधि लोक पळाले, परदेशांनीं विमानें बंद केलीं, व्यापार बुडाला. मांडवीनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनीं उंदरांचें मरण पुन्हा एकदां वेळेवर कोणी वाचलें नाहीं.

तेव्हां राष्ट्राची तयारी म्हणजे काय? तिचें पहिलें अंग बातमी. सन २००४ मध्यें देशांत रोगांच्या एकत्रित देखरेखीची योजना सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतून दर आठवड्यास रोगांची खबर वर जावी, हा तिचा हेतु. सन २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणें जगास धोका ठरूं शकेल अशी घटना ओळखल्यावर चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेस कळवावयाची असते. परंतु या साऱ्या साखळीची पहिली कडी म्हणजे गांवची परिचारिका किंवा आशा सेविका होय. तिनें पाहिलें नाहीं तर दिल्लीस कांहींच दिसत नाहीं.

दुसरें अंग शिकलेलीं माणसें. सन २०१८ मध्यें कोझिकोडे येथें निपाह रोग उद्भवला. तेथील डॉक्टरांस वेळींच संशय आला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें निदान पक्कें केलें, आणि संपर्कांत आलेल्या प्रत्येकाचा माग काढण्यांत आला. सतरा जण दगावले, पण साथ तेथेंच अडली. पुढील वर्षीं एर्नाकुलम येथें एक रोगी आढळला. तो बरा झाला, आणि त्याच्यापासून दुसऱ्या कोणासही लागण झाली नाहीं. आदल्या वर्षींचा अनुभव वायां गेला नव्हता.

तिसरें अंग साठा व वाहतूक. सन २०२१ च्या एप्रिलांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत प्राणवायूवांचून माणसें तडफडलीं. पोलादाच्या कारखान्यांतून प्राणवायु निघत होता. पण कारखाने पूर्वेकडे आणि रोगी पश्चिमेस व उत्तरेस. शेवटीं रिकामे टँकर कळंबोलीहून आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले. ही युक्ति उत्तम होती. पण ती आदल्या वर्षीं कागदावर उतरली असती, तर कित्येक प्राण वांचते.

चौथें अंग विश्वास, आणि तेंच सर्वांत नाजूक. सन २०२० च्या मार्चांत कोरोनाविरुद्ध राज्यांनीं हातीं घेतला तो सन १८९७ चाच कायदा. टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हां ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो मजूर मुलाबाळांसह पायीं गांवाकडे निघाला. प्लेगच्या काळीं मुंबई सोडणारा गिरणी कामगार आणि हा मजूर यांच्यांत सव्वाशे वर्षांचें अंतर आहे. दुःख एकच आहे. निर्बंध कधीं कधीं घालावेच लागतात. परंतु घराबाहेर पडूं नये असें ज्यास सांगावयाचें, त्याच्या घरांत दाणा पोंचविणें हें निर्बंधाचेंच एक कलम मानलें पाहिजे. हुकमाबरोबर त्याचें कारण लोकांच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं, असें कबूल करण्याचें धैर्यही सरकारापाशीं असलें पाहिजे.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची खोड माणसास जुनीच आहे. साथ ओसरली कीं खर्च डोळ्यांवर येतो, नेमलेलीं माणसें अनावश्यक वाटूं लागतात, आणि कोठाराचें कुलूप गंजतें. कोंकणांतला शेतकरी मात्र असें करीत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत, आभाळांत एकही ढग नसतां, तो छपरावर चढतो आणि घर शाकारतो. यंदा पाऊस किती पडेल हें त्यास ठाऊक नसतें. तो पडणार आहे, एवढें ठाऊक असतें. साथीचेंही तसेंच आहे. दोन साथींमधील शांततेचीं वर्षें हाच राष्ट्राच्या शाकारणीचा काळ होय.