मिरचीचा दोष नव्हता

‘विज्ञानातले अलीकडचे थक्क करणारे शोध’ या विषयावर बोलाल का, असं आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मी आधी हसलो. मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. शाळेत विज्ञानात पासापुरते गुण मिळाले तरी घरात साखर वाटावी, अशी माझी गत. पण मग वाटलं, शोध लावणाऱ्यांनी तर बोलावंच. पण ज्याच्या दारापर्यंत एखादा शोध येऊन पोहोचला, किंवा पोहोचता पोहोचता राहिला, अशा माणसानंही बोलायला काय हरकत आहे? म्हणून आलो.

सुरुवात घरापासूनच करतो.

माझे अब्बा शिंपी होते. मराठवाड्यातल्या एका बाजाराच्या गावात त्यांचं छोटं दुकान होतं. ईद आणि दिवाळी जवळ आली की रात्री एकेक वाजेपर्यंत मशीन चालायचं. मशीनचा पाय चालू असायचा आणि अब्बांचा डावा हात मधूनमधून पोटावर जायचा. त्यांना अल्सर होता. जठरातला व्रण. उपाशी राहिलं की दुखायचं, रात्री दोन-तीनला उठून बसायचे. अम्मी थंड दूध द्यायची. कपाटात पांढऱ्या पातळ औषधाची बाटली कायम असे. मी लहानपणी ती चोरून प्यायलो होतो, खडू पाण्यात कालवल्यासारखी चव होती.

अल्सर कशानं होतो, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांना ठाऊक होतं. काळजी आणि तिखट. काळजी करणारा स्वभाव आणि तिखट खाणं, म्हणजे पोटात आम्ल वाढतं, ते आतून जठर खातं. अब्बांच्या काळजीचं कुणी काय करणार? चार पोरांच्या बापाला काळजी करू नका म्हणून सांगणं सोपं असतं. मग बोट उरायचं ते तिखटाकडे. आणि तिखटाकडे म्हणजे अम्मीकडे. तिच्या हातचं कालवण मोहल्ल्यात प्रसिद्ध होतं. माझी आत्या येताजाता म्हणायची, ‘भाईचं पोट तुझ्या मिरच्यांनी जाळलं.’ अम्मी काही बोलत नसे. तिनं अब्बांसाठी वेगळं, फिकं शिजवायला सुरुवात केली. अब्बा ते मुकाट्यानं खात. दुखणं काही थांबलं नाही.

१९८६ साली, हिवाळ्यातल्या एका रात्री, अब्बांना रक्ताची उलटी झाली. जीप मिळवून जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत उजाडलं. त्यांनी तो दिवस पाहिला नाही. मी अठरा वर्षांचा होतो.

आता हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतो. ऑस्ट्रेलियात पर्थ नावाचं शहर आहे. तिथल्या रुग्णालयात रॉबिन वॉरन हे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे नमुने तपासत. १९७९ मध्ये त्यांना त्यात वळणदार जंतू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, हे तेव्हाचं ठाम मत. वॉरन यांना मात्र जे दिसलं ते दिसलं. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न केला. तीसेक वेळा अपयश आलं. दोन दिवसांत काही उगवलं नाही की काचेच्या बशा फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्ट्या आल्या, बशा तशाच पाच दिवस राहिल्या, आणि जंतू उगवला. त्याला फक्त जास्त वेळ हवा होता! पुढे त्याचं नाव पडलं हेलिकोबॅक्टर पायलोरी.

तरी लोकांना पटेना. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचा द्रव स्वतःच पिऊन टाकला. घरी बायकोलाही आधी सांगितलं नाही. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीतून तपासलं तर जठराला सूज. अल्सर झाला नव्हता, पण जंतू निरोगी जठरात बस्तान मांडून आजार करू शकतो, हे सिद्ध झालं. मग बायकोच्या आग्रहावरून त्यांनी प्रतिजैविकं घेतली. या कामासाठी वॉरन आणि मार्शल यांना २००५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

बातमी आली तेव्हा ऑक्टोबर महिना होता. रमजान तोंडावर आला होता. अम्मी ओसरीवर सुपात लाल मिरच्यांचे देठ काढत बसली होती. तिला मराठी कळायचं, वाचता येत नसे. मी पेपरातली बातमी तिला आमच्या घरच्या बोलीत समजावून सांगितली. अल्सर बहुतेक करून एका जंतूमुळे होतो. काही वेळा दुखणं थांबवायच्या गोळ्या फार दिवस घेतल्यामुळे होतो. तिखटानं होत नाही. तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘‘तो फिर मेरे हात के मिरच्यां का कसूर नै था?’’

एकोणीस वर्षं ती हा गुन्हा पदराला बांधून वावरत होती, आणि तिच्या मुलाला, शब्दांचा धंदा करणाऱ्याला, त्याचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, ‘‘नव्हता, अम्मी.’’ ती उठून आत गेली. त्या दिवशी देठ मी काढले.

अब्बांचा अल्सर त्याच जंतूनं झाला होता की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण एक गोष्ट मला अजून झोपेतून उठवते. जंतू मारणारी औषधं १९८६ मध्ये होती. आमच्या गावच्या दुकानातही असतील. इतर तापा-जुलाबांसाठी ती दिली जात होती. गोळी होती, पण ती या दुखण्यावर द्यायची असते हे ज्ञान पर्थहून निघून वाटेत होतं. जगभरच्या डॉक्टरांना ते पटायला १९९० चं दशक उजाडलं. आमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी मन लावून केलं. पण तेव्हापासून ‘हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे’ असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात.

असे टवकारलेले कान घेऊन मी अलीकडे विज्ञानाच्या बातम्या वाचतो. त्यातल्या तीन आपल्याला सांगतो.

पहिली हत्तींची. नाव ठेवणं ही माणसाचीच गोष्ट, असं आपण धरून चालतो. डॉल्फिन एकमेकांना हाक मारतात, पण ते समोरच्याच्या शिट्टीची नक्कल करून. २०२४ मध्ये केनियातल्या हत्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंबोसेली आणि सांबुरू इथल्या हत्तिणींचे आणि पिल्लांचे ४६९ आवाज संशोधकांनी संगणकाला ऐकवले. कुठली हाक कुणासाठी, हे संगणकाला शंभरातल्या सत्तावीस वेळा बरोबर ओळखता आलं. हे कमी वाटेल, पण नुसत्या अंदाजानं जेवढं जमलं असतं त्याहून ते कितीतरी जास्त होतं. मग त्यांनी सतरा हत्तींना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. आपल्यासाठीची हाक आली की हत्ती लवकर उत्तर देई, आवाजाच्या दिशेनं चालू लागे. दुसऱ्याची हाक असली की तेवढी दखल नाही. म्हणजे तिथे नावासारखं काहीतरी आहे, आणि ते नक्कल करून घडलेलं दिसत नाही. नाव नेमकं आवाजाच्या कुठल्या भागात आहे ते अजून सापडायचं आहे. माझ्या अम्मीनं जन्मात अब्बांचं नाव घेतलं नाही. ‘अजी सुनते’ एवढंच. पण त्या दोन शब्दांवर मशीन थांबायचं. तेव्हा नाव आवाजात कुठे असतं, हा प्रश्न मला हत्तींपुरता वाटत नाही.

दुसरी बातमी एका मुलीची. सायबेरियात अल्ताई पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तिथे मिळालेल्या हजारो हाडांच्या तुकड्यांत एक तुकडा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होता. जर्मनीतल्या लाइपझिग इथे त्यातला डीएनए तपासला. मुलगी निदान तेरा वर्षांची, सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची. तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे माणसांच्या दोन वेगळ्या, आता नामशेष झालेल्या शाखांचे. अशी सरळ पहिल्या पिढीची संतती कधी सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. विव्हियान स्लोन या संशोधिकेला आधी आपलीच काही चूक झाली असं वाटलं. पुन्हा पुन्हा तपासलं, उत्तर तेच. २०१८ मध्ये हे जाहीर झालं. मुलीला संशोधकांनी लाडानं डेनी म्हटलं.

त्याच संस्थेतल्या स्वान्ते पेबो यांच्या कामामुळे आपल्याला आणखी एक गोष्ट कळली. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या अंगात एक-दोन टक्के निअँडरथल वारसा आहे. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. साहित्य संमेलनांत मला अजून कुणीतरी प्रेमानं विचारतं, ‘‘तुमचं मराठी इतकं छान कसं?’’ पूर्वी मी नुसता हसायचो. आता मनात डेनी येते. तिला तिच्या गुहेत कुणी असं विचारलं असेल का, की तुझी बोली आईची की बापाची?

तिसरी बातमी तर आपल्या अंगणातली आहे. आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये गणितानं सांगितलं, की प्रचंड वस्तू हलल्या की अवकाशात लहरी उठतात. १९३६ मध्ये तेच म्हणू लागले की अशा लहरी नसाव्यात. मग आपल्याच गणितातली चूक उमगून त्यांनी ते मागे घेतलं. या लहरी पकडायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे दुपारचे सव्वातीन वाजून गेले असताना, अमेरिकेतल्या लायगो या दोन यंत्रांत, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर, हजारांश सेकंदांच्या फरकानं एकच थरथर उमटली. एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याची ही थरथर. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी. चार किलोमीटर लांबीच्या नळीत फरक पडला तो अणूच्या गर्भातल्या प्रोटॉनच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. ते आवाजात बदलून ऐकवलं तर चिमणीनं एकदा चिवकावं तसं वाटतं. गोंगाटातून असा सूर वेगळा काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी फार आधीपासून काम केलं होतं.

तसंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. जमीन शांत लागते, वर्दळीची थरथर चालत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कान असला, की आवाज आकाशात कुठून आला ते जास्त नेमकं कळेल.

औंढा म्हटलं की आमच्या भागात नामदेव आठवतातच. नरसी तिथून जवळ. कथा अशी, की विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, देव जिथे नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवायला जागा शोधत राहिले, आणि त्या शोधण्यातच शिकले. ही गोष्ट मी लहानपणी आमच्या शेजारच्या वारकरी काकांच्या तोंडून ऐकली. तेव्हा ती देवाची वाटली. आता वाटतं, ‘मला ठाऊक आहे’ असं समजणाऱ्या कुठल्याही माणसाची ती आहे.

शेवटी एक साधी विनंती. घरात कुणाचं पोट सारखं दुखत असेल, तर स्वयंपाक करणारीला बोल लावू नका. डॉक्टरांकडे जा, जंतूची तपासणी होते, ती करून घ्या; आणि औषधं त्यांच्याच सल्ल्यानं, पूर्ण मुदतीची घ्या. आपल्या मनानं दुकानातून आणू नका.

अम्मी आता नाही. नोबेलच्या त्या बातमीनंतरच्या पहिल्या ईदला तिनं कालवण केलं होतं. वीसेक वर्षांनंतर पहिल्यांदा ते पूर्वीसारखं तिखट झालं होतं. आम्ही सगळे डोळे पुसत जेवलो.